मलकपेठची मरळ

काचीगुडा,
९ जानेवारी २०२५

चि. पद्मास अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो आणि तुझी त्रिवेणीवहिनी स्वयंपाकघरातून विचारते, बहीण-भावाचं भांडण कशाचं लागलंय. शिवाय निरीक्षणं तारखेसह कागदावर असलेली बरी. तुझी नात रोज नारायणगुड्याच्या ऑफिसला माझ्या दारावरून जाते, आणि शर्वरीला मराठी धड वाचता येत नसल्यामुळे पत्र तिच्या हाती द्यायला धोका नाही.

मुद्दा असा. आज सकाळी माझ्या हौदात पुन्हा भडक नर दिसले. पाच. नारिंगी ठिपके, शेपटीवर निळी झाक, वरातीत आल्यासारखे फिरत होते. ते तिथे असायला नकोत.

तुला हे बारा वर्षांत पन्नास वेळा सांगितलं आहे, एक्कावन्नाव्यांदा सांगतो. जून २०१३ मध्ये महापालिकेच्या डासवाल्यांकडून आपण एक बादली गप्पी मासे आणले. अर्धे तुझ्या हौदात, अर्धे माझ्या. तुझ्या हौदावर जाळी, आत शत्रू कोणी नाही. माझ्या हौदात मी मरळ सोडली, आणि त्यासाठी त्रिवेणीची आयुष्यभराची बोलणी खाल्ली. मरळीला जो गप्पी दिसतो तो ती खाते. जो मळकट असतो तो तिच्या नजरेतून सुटतो, आणि पोरं त्याचीच होतात. पोरं बापासारखी मळकट. अशा पिढ्यांवर पिढ्या. तुझ्याकडे उलटं. खाणारं कुणी नाही, आणि माद्या रंगीत नराच्याच मागे लागतात, तेव्हा तिथे रंग वाढायला हवा. दोघांना पुरेसा काळ वेगळं ठेवलं की एक दिवस असा येईल, तुझी मादी माझ्या नराला आपला म्हणून ओळखणारसुद्धा नाही. नवी जात तिथून सुरू होते. ती पाहायला हजारो वर्षं लागतील. मला फक्त पहिली पायरी पाहायची आहे.

दर महिन्याला बरणीतून तुझे वीस नर मोजमापासाठी येतात. आलेख-कागदावर फोटो काढून वीसच्या वीस परत जातात. वहीत नोंद आहे. मग हे पाच कुठून येतात?

फेब्रुवारीच्या शेवटी रसिका येणार आहे. पुण्याची मुलगी, इथे हैदराबादच्याच एका संशोधन संस्थेत काम करते. दोन्ही हौद ती स्वतः मोजणार. फरक खरा निघाला तर तिच्या शोधनिबंधात माझं नाव येईल. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेलं पोरांना शिकवलं, पद्मा. हे एवढंच माझं आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची मला हौस नाही.

तुझी जाळी फाटली आहे का ते बघ.

तुझा,
अण्णा


मलकपेठ,
१३ जानेवारी २०२५

ती. अण्णांना सा. न.

जाळी फाटलेली नाही. माझ्या हौदाची जाळी फाटली तर तुमच्या हौदात मासे कसे येतील? मलकपेठहून काचीगुड्याला काय लोकल पकडून येतील? तुम्ही सायन्स शिकवलंत, मी नाही, पण एवढं मलाही कळतं.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते. बाहेरचं खायला घालत नाही. पाणी अर्धंच बदलते. इथल्या रेसकोर्सवर घोड्यांची रेस असते त्या दिवशी शिवराजचे दोस्त गाड्या लावायला अंगणात येतात, त्यांना हौदाजवळ फिरकू देत नाही. शिवराज, माझा स्वतःचा मुलगा, मला म्हणतो, अम्मा, तो हौद बुजवू, दोन गाड्या मावतील. बारा वर्षं त्याला थोपवून धरलंय. का, तर अण्णांचा प्रयोग. सून बिचारी परेशान, घरात मच्छर नाहीत पण पाहुण्यांना काय सांगायचं, सासूबाई मासे का पाळतात. आम्ही माळकरी लोक.

गुडघ्याचं तुम्ही काही विचारलं नाही. दुखतो. गेल्या आठवड्यात मोजणीचे वीस नर जपून परत सोडले. बरणी तेव्हाच नेहमीप्रमाणे शर्वरीकडे वहिनींसाठी पाठवली. या पत्रासोबत डब्यात तिळगूळ आहे. डबा परत पाठवा, तो सुनेच्या माहेरचा आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
पद्मावती


काचीगुडा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. पद्मास आशीर्वाद.

गुडघ्याला एरंडेल लाव.

डबा परत पाठवला आहे. त्रिवेणीने त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आहेत, रिकामा पाठवायला ती तयार होईना.

इकडे माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. तीन आठवडे हौदाच्या कठड्यावर खुर्ची टाकून बसलो. भडक नर मरळीने एकेक करून खाल्ले, म्हणजे तिचं काम ती चोख करते. मला आधी वाटलं होतं ती म्हातारी झाली, किंवा त्रिवेणी तिला चोरून कणकेच्या गोळ्या घालते. कणकेच्या गोळ्या घालते हे खरं निघालं, तो विषय वेगळा. पण मरळ भडक नर टिपून खाते हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि काल दुपारची झोप काढून उठतो तर पाच नवे. पुन्हा पाचच. शेजारच्या एकनाथरावांच्या नातवंडांनी दुकानातले आणून सोडले असतील म्हणून भांडायला गेलो, तर त्यांची नातवंडं अमेरिकेत आहेत. हात दाखवून अवलक्षण झालं.

एका हौदातलं दुसऱ्यात मिसळलं की सगळं फुकट, हे लक्षात घे. वर्षभर मरळीने निवड करायची आणि बाहेरून आलेल्या चार नरांनी चार दिवसांत ती पुसायची. दोन गावांत सतत सोयरीक चालू राहिली तर दोन गावांची माणसं वेगळी कशी होणार?

रसिका सत्तावीसला तुझ्याकडे येईल. तिला चहा दे, पण गप्पांत गुंतवू नकोस. तिला मोजू दे.

अण्णा


हैदराबाद,
१० मार्च २०२५

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही ई-मेल उघडत नाही म्हणून हाताने लिहिते आहे. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं कधी लिहिलं नाही, चुका पदरात घ्या.

आडवळणाने सांगत नाही. दोन्ही हौदांतल्या नरांत मला फरक सापडला नाही. ठिपक्यांचा आकार, रंग, शेपटीची लांबी, सगळं जवळपास सारखं. तुमच्या वह्या मी पूर्ण वाचल्या. इतकी काटेकोर नोंद आमच्या संस्थेतही फार थोडे ठेवतात, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

पण दोन गोष्टी मला सुटत नाहीत. तुमच्या हौदात मरळ असूनही रंग टिकून आहे, म्हणजे तो बाहेरून येत असणार. हे तुम्हीही लिहिलं आहे. दुसरी गोष्ट तुमच्या वहीत नाही. मलकपेठला शत्रू नसूनही रंग वाढलेला नाही. तिथेही कुणीतरी भडक नर वर्षानुवर्षं नेमके टिपून काढतंय, अगदी मरळीसारखं. खंड्या पक्षी येतो का? मांजर? आजींना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या जाळीतून डाससुद्धा जात नाही, आणि मला पोहे वाढले. त्यांना तुम्हीच विचारून बघाल का?

तुमची,
रसिका


काचीगुडा,
१४ मार्च २०२५

पद्मा,

रसिकाचं पत्र सोबत जोडलं आहे. वाच. मग मला सरळ उत्तर दे, गुडघा आणि शिवराज मध्ये न आणता. तुझ्या हौदातून भडक नर कोण काढतं? शर्वरी मैत्रिणींना वाटते का? सून फेकून देते का? बारा वर्षांत त्या हौदाला हात लावणारं तुझ्याशिवाय कोण आहे?

अण्णा


मलकपेठ,
१७ मार्च २०२५

ती. अण्णांना सा. न.

कोण काढतं म्हणजे? मी काढते. दर महिन्याला पाच. तुमच्यासाठी.

मोजणी झाल्यावर तुमच्या घरची बरणी माझ्याकडे रिकामी उरते. माहेरचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे मला आईने शिकवलं आणि तुम्हालाही शिकवलं होतं. पहिल्या वर्षी मी त्यात साखर घालून पाठवत होते. आठवतं का? तुम्ही बरणी नीट न धुता पुढच्या महिन्यात पाठवलीत, मी तीत मासे घातले, रात्रीत पाणी फेसाळलं, वीसच्या वीस मेले, आणि बोलणी कुणी खाल्ली? मी. मग तुम्ही झाकणावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीत. ती अजून आहे, वर टेप लावून ठेवली आहे मी. 'या बरणीत मासे व पाणी यांखेरीज काहीही घालू नये.' बरं म्हटलं. मासे तर मासे. एका शब्दाचीही कसूर केली नाही.

पाच यासाठी की ओटीत पाच घालतात. आणि माहेरी द्यायचं ते निवडूनच द्यायचं असतं, मळकं-बिळकं कोण देतं? तासभर जाळीशी वाकून उभी राहते, सगळ्यात देखणे पाच हेरते. गुडघा त्यानेच गेला असेल.

वहिनी मागच्या दाराने बरणी घेतात आणि हौदात सोडतात. तुम्ही झोपलेले असता. त्यांना वाटतं प्रयोगाचंच आहे. तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? मरळीने खाल्ले की त्यांना वाईट वाटतं, म्हणून त्या तिला कणीक घालतात. म्हणजे ती पोट भरून तरी बसेल.

मला काय ठाऊक त्याने तुमचा निसर्ग बिघडतो. तुम्ही मला मोजायला शिकवलंत, कशासाठी ते बसून कधी सांगितलं नाहीत. चिडून सांगितलंत.

पद्मावती


काचीगुडा,
१९ मार्च २०२५

पद्मावतीस,

अकरा वर्षं. महिन्याला पाच. मी हिशेब केला आणि कपाळावर हात मारून घेतला. साडेसहाशे मासे.

तुला कळतंय का तू काय केलंस? एका हौदातून रंग उचलायचा आणि दुसऱ्यात ओतायचा, आणि मी मध्ये वही घेऊन बसलेला. कुंपणानेच शेत खाल्लं, तेही दोन्हीकडचं. बाहेरच्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

त्रिवेणीशी मी दोन दिवस बोललेलो नाही. ती म्हणते तिला फरक पडलेला नाही.

आजपासून बरणी बंद. मोजणी बंद. तिकडचं थेंबभर पाणीही इकडे नको आणि इकडचं तिकडे नको. येऊही नकोस, तू आलीस की हातात काहीतरी असतंच. मला आता दोन हौद आणि दोन घरं वेगळी हवी आहेत. रसिकाला मी कळवलं आहे की माझ्या चुकीमुळे प्रयोग फसला. माझ्या असं लिहिलं. तुझं नाव घातलेलं नाही.

नामदेव


मलकपेठ,
१२ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांना सा. न.

राखी पोस्टाने पाठवली होती. पाऊण तासाच्या अंतरावर पोस्टाने राखी. पोहोचली का ते कळवलं नाहीत. शर्वरीला तुम्ही दारातूनच बोट करून जा म्हणालात, ती घरी येऊन रडली. तिचा यात काय गुन्हा?

दोन गोष्टी कळवायच्या आहेत, म्हणून हे लिहिते.

पहिली. शिवराजने सिमेंटवाला बोलावला आहे. या महिनाअखेर हौद बुजवतो म्हणतो. मी आजवर अडवलं कारण तुम्ही दर महिन्याला बरणी पाठवायचात. आता कुणासाठी अडवू? तुमचे मासे घेऊन जायचे असतील तर जा. मी आणून दिले तर तुम्हाला चालत नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको, पाच दिवस ठरेना. तुमच्यावर राग आहे म्हणून मार्चपासून मी हौदात हात घातला नाही. पण बघते तर रोजच. अण्णा, हौद रंगलाय. असे नर मी बारा वर्षांत पाहिले नव्हते. एकाच्या शेपटीवर तर हळदीकुंकवासारखे दोन ठिपके आहेत. माद्या मळक्यांकडे बघतसुद्धा नाहीत, त्या रंगवाल्यांच्याच मागे. मी कठड्यावर बसून विचार केला. काय बदललं? पाणी तेच, जाळी तीच. फक्त मी उचलायची थांबले.

मग त्या पुण्याच्या मुलीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मरळीसारखं कुणीतरी टिपून काढतंय, असं तिने लिहिलं आहे. ती मरळ मीच. तुमची मरळ भुकेने उचलत होती, मी मायेने. माशांच्या बाजूने बघितलं तर दोन्ही एकच. जो छान दिसला तो गेला. मी इतकी वर्षं प्रेमाने देत होते आणि माझ्या हौदात मळकेच मागे ठेवत होते.

हे तुम्ही पहिल्या दिवशी असं सांगितलं असतं तर मी साखर वेगळ्या पुडीत पाठवली असती.

पद्मावती


काचीगुडा,
१६ ऑगस्ट २०२५

चि. पद्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एकतीस वर्षं निवडीचा धडा शिकवला, पण निवडणाऱ्याला भूक आहे की माया, याने काही बिघडत नाही, हे एकाही पोराने मला असं लिहून दिलं नाही. मलाही सुचलं नव्हतं. माझ्या बहिणीला सुचलं आणि मी तिला घरी येऊ नको म्हणून सांगितलं. मी मूर्ख आहे. त्रिवेणी हे पाच महिने सांगतेच आहे.

राखी पोहोचली. बांधली. त्रिवेणीने बांधली, कुरकुरत.

माझा हौदही बदलला आहे. मार्चनंतर बाहेरचं काही आलं नाही. मरळीने भडक होते ते संपवले. आता पाण्यात वाकून पाहिलं तर आधी काहीच दिसत नाही. मग मळक्या रंगाचा एखादा हलतो. बारा वर्षं मला हेच पाहायचं होतं आणि पाच महिने मी ते एकटा पाहतोय. सांगायला कोणी नाही. वहीत लिहितो. वही काही विचारत नाही.

या पाच महिन्यांच्या फरकाला अजून काही अर्थ नाही. तू उचलणं थांबवलंस म्हणून आधीचेच रंगीत नर उरलेले दिसतात. रंग पिढ्यांत किती उतरला ते कळायला पाच-सहा वर्षं हवीत. रसिकाला विचारलं, ती म्हणाली, सर, सुरू करा, मी थांबते. मी ऐंशीचा होईन. सहा वर्षं मी पुरेन की नाही, माहीत नाही. म्हणून या वेळी तुझा हौद तू मोजायचास. मासे इकडे येणार नाहीत. वीस काढ, आलेख-कागदावर ठेवून शर्वरीकडून फोटो काढून घे, परत सोड. नवी वही आणि कागद सोबत पाठवतो आहे. वहीवर तुझं नाव घातलं आहे. निबंधातही दोन नावं लागतील, हे रसिकाला कळवलं. माझा हौद पुढे कोण मोजेल, तर तूच. शिवराजला सांग, मामाने हात जोडलेत. ऐकत नसेल तर मी येऊन हौदात बसतो.

काहीही कळलं नाही तर विचार. मी चिडणार नाही. चिडलो तर पुन्हा विचार.

सोबत बरणी आहे. झाकणावरची चिठ्ठी काढून टाकली आहे, नखाने खरवडताना तुझ्या टेपने फार त्रास दिला. आत साखर आहे. मासे नाहीत. शर्वरीच्या हातीच पाठवतो आहे, तिला आज आत बसवून चहा दिला आणि माफी मागितली. ती म्हणाली, इट्स ओके तातय्या. आजोबा म्हणायला अजून शिकलेली नाही. बरणी परत करायची की नाही ते तू ठरव.

तुझा,
अण्णा


मलकपेठ,
१९ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांना सा. न.

साखर पोहोचली. पुरण केलं.

सिमेंटवाला परत गेला. शिवराजला मी म्हटलं, वहीवर माझं नाव आहे, आता हा हौद माझा. त्याने स्वतःच सिमेंटवाल्याला वाटेला लावलं. तुम्ही हौदात बसणार हे ऐकून घाबरला असेल.

पहिली मोजणी काल केली. वीस नर. ठिपके मोजताना चष्मा दोनदा पुसावा लागला. अकराव्याच्या अंगावर नेमके किती ठिपके धरायचे ते कळलं नाही, दोन चिकटलेले आहेत. एक की दोन? फोटो पाठवते. न चिडता सांगा. वहीत तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

वीसच्या वीस परत सोडले. हळदीकुंकवाच्या ठिपक्यांचा नर हातात आला होता. क्षणभर वाटलं, हा अण्णांना दाखवायला हवा. सोडला.

बरणी शर्वरीकडे देते आहे. आत कारळाची चटणी आहे, लसूण जास्त घातला आहे, वहिनींना आवडतो. रविवारी मी येते, तेव्हा बरणी परत घेईन. काय घालायचं ते वहिनींना ठरवू द्या.

मासे मात्र तीत आता कधी घालू नका. तिखट आहे, मरतील.

तुमची,
पद्मा